विश्वासाचा प्रकाश आणि साक्षीचा दिवा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पवित्र शास्त्र उघडले की तिसऱ्याच वचनात प्रकाश भेटतो, आणि अगदी शेवटच्या अध्यायातही दिव्याची व सूर्याची गरज संपल्याचे वाचायला मिळते. मधल्या पानांवर तो कधी देवाचे स्वरूप दाखवतो, कधी वचनाचे सामर्थ्य, तर कधी विश्वासणाऱ्याची वागणूक. त्यामुळे गोंधळ होणे साहजिक आहे. मंडळीत आणि अभ्यासगटात पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. कंसातले आकडे अध्याय आणि वचन दाखवतात.

देव प्रकाश, ख्रिस्त प्रकाश आणि आपणही प्रकाश. मग फरक काय राहिला?

फरक उगमाचा आहे. देव प्रकाश आहे आणि त्याच्या ठायी मुळीच अंधार नाही, असे योहानाचे पहिले पत्र सांगते (१:५). तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात तो अगम्य प्रकाशात राहतो असे म्हटले आहे (६:१६). तिथवर माणूस स्वतःहून पोचू शकत नाही, म्हणून तो प्रकाश ख्रिस्तामध्ये माणसांपर्यंत आला. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायाचा हाच गाभा आहे.

आपण प्रकाश आहोत ते मिळालेल्या अर्थाने. इफिसकरांस पत्रात तुम्ही पूर्वी अंधार होता, आता प्रभूमध्ये प्रकाश आहात, असे आहे (५:८). त्यातले ‘प्रभूमध्ये’ गाळले तर वाक्य खोटे ठरते. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाबद्दल शुभवर्तमान स्पष्टच म्हणते की तो प्रकाश नव्हता, प्रकाशाविषयी साक्ष द्यायला आला होता (१:८). पुढे येशू त्याला जळता व तेजस्वी दिवा म्हणतो (५:३५). दिवा दुसऱ्याने पेटवावा लागतो आणि तो तेलावर चालतो.

आरंभीच्या मंडळीतील काही गुरूंनी ख्रिस्ताला सूर्य आणि मंडळीला चंद्र म्हटले. मंडळीचे तेज उसने आहे आणि ते वाढते, घटते, हे त्यांना सांगायचे होते. रोमन कॅथलिक मंडळीच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली मंडळीविषयीची घटना संमत केली. तिच्या पहिल्याच वाक्यात राष्ट्रांचा प्रकाश म्हणून मंडळीचे नव्हे, ख्रिस्ताचे नाव आहे. आजच्या बऱ्याच साक्षी इथेच घसरतात. बोलणारा प्रकाशाविषयी सांगायला उभा राहतो आणि दहा मिनिटे स्वतःविषयी सांगून बसतो.

सूर्य चौथ्या दिवशी निर्माण झाला. मग पहिल्या दिवशीचा प्रकाश कुठून आला?

उत्पत्तीच्या लेखकाला नेमके तेच सांगायचे आहे: प्रकाश देवाच्या शब्दाने आला, सूर्यामुळे नाही. आजूबाजूची राष्ट्रे सूर्याची आणि चंद्राची पूजा करत असताना हा अध्याय त्यांची नावेसुद्धा घेत नाही. एक मोठी ज्योती आणि एक लहान ज्योती, एवढेच म्हणतो (१:१६) आणि त्यांना काम नेमून देतो. प्रकटीकरणात नव्या यरुशलेमेला सूर्याची गरज उरत नाही (२१:२३), तिथे हे वर्तुळ पुरे होते. हा अध्याय विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकाशी जुळवत बसण्यात वेळ घालवला तर ही गोष्ट हातची निसटते. पौलाने तो कसा वाचला ते बघावे. ज्याने अंधारातून प्रकाश चमकवला त्यानेच आमच्या अंतःकरणात प्रकाश पाडला, असे तो लिहितो (२ करिंथ ४:६). विश्वास ही त्याच्या लेखी नवी निर्मितीच आहे.

‘मी जगाचा प्रकाश आहे’ हे येशू कुठे आणि कोणत्या प्रसंगी म्हणाला?

योहानाच्या शुभवर्तमानाचे सातवे आणि आठवे अध्याय मांडवांच्या या यहुदी सणाच्या पार्श्वभूमीवर घडतात, आणि हे बोलणे मंदिरात, दानपेट्यांच्या जागी झाले (८:२०). ही जागा स्त्रियांच्या अंगणात होती असे सर्वसाधारणपणे मानतात. इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी ग्रंथात त्या अंगणातल्या सणाच्या रात्रींचे वर्णन आहे. तिथे सोन्याच्या मोठ्या दीपवृक्षांवर प्रत्येकी चार वाट्या असत. याजकवंशातले तरुण शिड्या चढून त्यांत तेल ओतत आणि वातींसाठी याजकांची जुनी, झिजलेली वस्त्रे फाडून वापरत. त्या उजेडाने यरुशलेमेतले एकही अंगण अंधारात राहत नसे, असे मिश्ना म्हणते.

वाळवंटात इस्राएलापुढे चालणाऱ्या अग्निस्तंभाचीही आठवण या सणाला जोडलेली होती. म्हणून येशूच्या वाक्याचा दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे: जो मला अनुसरतो तो अंधारात चालणार नाही (८:१२). अग्निस्तंभ हलला की तंबू उखडून निघावे लागे. हा प्रकाश बसून न्याहाळण्यासाठी नाही, त्याच्या मागे निघावे लागते.

याच शुभवर्तमानात रात्र आणि दिवस कुठे कुठे येतात ते खुणा करत वाचून पाहावे. निकदेम रात्री येतो (३:२). यहूदा घास घेऊन बाहेर पडतो तेव्हा रात्र असते (१३:३०). जगाच्या प्रकाशाला धरायला आलेली टोळी कंदील आणि मशाली घेऊन येते (१८:३). आणि तोच निकदेम शेवटी, वधस्तंभाच्या दिवशी, उघडपणे सुगंधी द्रव्ये घेऊन दफनाला हजर होतो (१९:३९).

दिवठणी, माप आणि डोंगरावरचे नगर: ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर काय उभे राहिले असेल?

डोंगरावरचे नगर लपत नाही, आणि दिवा लावून कुणी मापाखाली ठेवत नाही, दिवठणीवर ठेवतो, असे येशू शिष्यांना म्हणाला (मत्तय ५:१४-१५). पहिल्या शतकातला घरगुती दिवा तळहातावर मावेल एवढा, मातीचा असे. वरून बंद, मधोमध तेल ओतायला भोक आणि पुढे वातीसाठी चोच. आत जैतुनाचे तेल, वात अळशीच्या धाग्यांची. एका वातीचा उजेड साधारण एका मेणबत्तीएवढाच. गरिबाचे घर बहुधा एका खोलीचे, खिडक्या लहान, त्यामुळे आत दिवसाही अंधार. हरवलेले नाणे शोधणारी बाई आधी दिवा लावते (लूक १५:८), ते यामुळेच.

एवढासा दिवा जमिनीवर ठेवला तर उजेड पायांपाशीच राहतो. तोच उंचावर, दिवठणीवर ठेवला की सगळी खोली दिसते. माप म्हणजे धान्य मोजायचे भांडे, त्यात सुमारे पावणेनऊ लिटर मावे. दिव्यावर ते पालथे घातले तर थोड्याच वेळात हवा संपते आणि ज्योत विझते. झाकलेला दिवा आत सुखरूप राहतो ही समजूत म्हणूनच चुकीची. लपवलेला विश्वास नुसता दिसेनासा होत नाही, तो गुदमरतो.

आणखी एक गोष्ट दिवे लावणाऱ्या पिढीला सांगावी लागत नसे. वातीच्या टोकाला काजळी धरते. ती खुडली नाही तर तेल भरपूर असूनही दिवा धुरकटतो. निवासमंडपातल्या, म्हणजे वाळवंटातल्या उपासनेच्या तंबूतल्या, सात दिव्यांच्या सोन्याच्या दीपवृक्षासाठीही लोकांनी शुद्ध जैतुनाचे तेल आणायचे (निर्गम २७:२०) आणि अहरोनाने रोज सकाळी दिवे साफ करायचे (निर्गम ३०:७), असा नियम होता. यशया ज्याच्याविषयी बोलतो तो देवाचा सेवक मात्र मिणमिणती वात विझवत नाही (४२:३). मंडळीत थकलेल्या, धुरकटलेल्या विश्वासणाऱ्याशी कसे वागावे, हे या एका वचनावरून ठरवता येते.

डोंगरावरच्या नगराबद्दल थोडेसेच. १६३० साली जॉन विन्थ्रॉपने अमेरिकेच्या किनाऱ्यावर वसाहत करायला निघालेल्या लोकांना ही उपमा दिली. सगळ्यांचे डोळे आपल्यावर आहेत, चुकलो तर जगभर हसे होईल, असा तो इशारा होता. पुढे राजकारण्यांनी तिचा राष्ट्राच्या मोठेपणासाठी वापर केला. येशू मात्र हे कोणत्या राष्ट्राला म्हणाला नव्हता. दीनांना, शोक करणाऱ्यांना आणि छळ सोसणाऱ्यांना धन्य म्हटल्यावर लगेच तो शिष्यांना ‘तुम्ही’ म्हणतो.

‘तुमचा प्रकाश लोकांसमोर पडू द्या’ आणि ‘लोकांनी पाहावे म्हणून धर्माचरण करू नका’. यातले कोणते पाळायचे?

दोन्ही. एकाच डोंगरावरच्या प्रवचनातली ही वाक्ये आहेत (मत्तय ५:१६ आणि ६:१) आणि ती जवळजवळ ठेवली आहेत ती विचारपूर्वक. पहिल्यात लोक सत्कृत्ये पाहून स्वर्गातल्या पित्याचे गौरव करतात. दुसऱ्यात कर्ता स्वतःकडे पाहिले जावे म्हणून करतो. सहाव्या अध्यायात येशू तीनच गोष्टींची नावे घेतो: दानधर्म, प्रार्थना आणि उपास. धार्मिक माणसाला टाळ्या मिळवून देणाऱ्या नेमक्या ह्याच.

रोजच्या व्यवहारात तीन कसोट्या उपयोगी पडतात. हे काम कुणालाच कळले नाही तरी करणार का? मदत घेणाऱ्याचा मान राहतो का? आणि आभार कुणाच्या नावाने मागितले जातात? मदत घेणाऱ्याचा चेहरा दिसेल असे छायाचित्र प्रसिद्ध करणे दुसऱ्या कसोटीवर जवळजवळ नेहमीच नापास होते, त्याने होकार दिला असला तरी. हातात पिशवी असताना नाही म्हणणे त्याला अवघड असते. हिशेब मात्र उघड असावा. जमा-खर्च दाखवणे हा दिखावा नव्हे, तोही प्रकाशाचाच भाग आहे.

दहा कुमारींच्या दाखल्यात शहाण्या कुमारींनी तेल वाटून का घेतले नाही? हा स्वार्थ नाही का?

दाखल्यात (मत्तय २५:१-१३) वराची वाट पाहणाऱ्या दहाही जणी झोपल्या, त्यामुळे झोप हा दोष नाही. दहांजवळ दिवे होते आणि दहांचे दिवे पेटलेही होते. फरक एवढाच की पाच जणींनी भांड्यात जादा तेल घेतले होते. वराला उशीर होऊ शकतो हे त्यांनी धरले होते. मध्यरात्री असलेले तेल वाटले असते तर वरात अर्ध्या वाटेत असताना दहाही दिवे विझले असते.

तेल म्हणजे नेमके काय, हे दाखला सांगत नाही. कुणी पवित्र आत्मा म्हणतात, कुणी सत्कृत्ये, कुणी अखंड प्रार्थना. एकच अर्थ ठोकून बसवण्यापेक्षा दाखल्याचा रोख धरावा: ज्या गोष्टी आधीपासून साठवाव्या लागतात त्या ऐनवेळी दुसऱ्याकडून उसन्या मिळत नाहीत. आईवडिलांच्या विश्वासावर मुलांना फार काळ चालता येत नाही, ते यामुळेच.

‘डोळा शरीराचा दिवा आहे’ याचा विश्वासाशी काय संबंध?

संबंध पैशाशी आहे, आणि म्हणूनच विश्वासाशी. मत्तय ६:२२-२३ च्या आधी पृथ्वीवरच्या संपत्तीचा विषय आहे आणि लगेच नंतर देव व धन या दोन धन्यांचा. निर्मळ डोळा म्हणजे मोकळ्या मनाने देणारा, दुसऱ्याच्या ताटाकडे हेव्याने न पाहणारा. हा उतारा अश्लील चित्रांविषयीच्या प्रवचनात बरेचदा वापरतात. ती शिकवण आपल्या जागी योग्य, पण तिला मत्तय ५:२८ चा आधार घ्यावा आणि हे वचन लोभासाठी राखून ठेवावे. लोभावर तसेही कमीच बोलले जाते.

अंधार म्हणजे नेहमी पाप किंवा अविश्वास असतो का?

नाही, आणि ही चूक माणसांना जखमी करते. मोशे घनदाट अंधारात शिरला तो देव तिथे होता म्हणून (निर्गम २०:२१). स्तोत्र १३९ म्हणते की देवाला अंधारही उजेडासारखाच आहे. स्तोत्र ८८ अंधारातच संपते, शेवटच्या ओळीतही सुटका नाही, आणि तरीही ते उपासनेच्या पुस्तकात आहे. यशया ५०:१० मध्ये तर परमेश्वराचे भय बाळगणारा, त्याच्या सेवकाचे ऐकणाराच अंधारात, उजेडाशिवाय चालत आहे. त्याला धमकावलेले नाही, भरवसा ठेवायला सांगितले आहे.

म्हणून दोन अंधार वेगळे ओळखावेत. योहान ३:१९-२० मधला अंधार माणूस निवडतो, कारण त्याला आपली कृत्ये उघडी पडू द्यायची नसतात. दुसरा अंधार माणसावर येतो: शोक, आजार, प्रार्थनेतला कोरडेपणा, नैराश्य. दुसऱ्यात असलेल्या माणसाला पश्चात्ताप कर म्हणणे क्रूर आहे. झोप आणि भूक दोन आठवड्यांहून अधिक काळ उडाली असेल, किंवा मरणाचे विचार येत असतील, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरांकडे नेणे हे मंडळीचे काम आहे. मरणाचे विचार असतील तर दोन आठवडे थांबायचे नाही, त्याच दिवशी न्यायचे आणि तोवर एकटे सोडायचे नाही.

आणखी एक खबरदारी. शास्त्रातला प्रकाश आणि अंधार यांचा माणसाच्या कातडीच्या रंगाशी काडीचाही संबंध नाही. मुलांसाठी चित्रे काढताना पापी काळा आणि तारलेला गोरा असे कुणी रंगवले तर ते चित्र सरळ काढून टाकावे.

‘प्रकाशात चालणे’ रोजच्या जगण्यात कसे दिसते?

योहानाचे पहिले पत्र वाचताना क्रम पाहावा. प्रकाशात चालतो तर एकमेकांशी सहभागिता आहे आणि येशूचे रक्त पापापासून शुद्ध करते (१:७). लगेच पुढच्या वचनात आपल्यात पाप नाही म्हणणारा स्वतःला फसवतो. म्हणजे प्रकाशात चालणारा निर्दोष नसतो, तो काही दडवत नाही.

कबुली देताना मोघम बोलू नये. ‘माझे चुकले असेल तर क्षमा करा’ ही कबुली नव्हे. काय केले, कुणाचे नुकसान झाले आणि भरपाई कशी करणार, या तिन्ही गोष्टी यायला हव्यात. जकातदार जक्कयाने चौपट परतफेडीचा आकडा सांगितला होता (लूक १९:८). कबुलीची व्याप्ती अपराधाइतकी असावी: खाजगी चूक त्या माणसापुढे, सार्वजनिक चूक सर्वांपुढे. दुसऱ्याचे गुपित आपल्या कबुलीत उघडे करू नये.

मुलांवरील किंवा कुणावरीलही अत्याचार, मारहाण, पैशाची अफरातफर या गोष्टी प्रेमाच्या, क्षमेच्या किंवा मंडळीच्या अब्रूच्या नावाखाली झाकणे म्हणजे अंधाराच्या कृत्यांत भागीदार होणे. इफिसकरांस ५:११ ती उघडकीस आणायला सांगते. असे प्रकरण मंडळीच्या आतल्या आत मिटवू नये, कायद्याच्या यंत्रणेकडे द्यावे. जखमी व्यक्तीला सुरक्षित ठेवणे पहिले, बाकीचे नंतर.

योहानाने प्रकाशाची शेवटची कसोटीही दिली आहे: भावाचा द्वेष करणारा अजून अंधारातच आहे (२:९). मतांतराच्या भांडणात हे वचन विसरले जाते.

साक्ष कशी तयार करावी? किती लांब असावी?

तीन मिनिटे पुरतात. बोलण्याच्या सावकाश गतीने ते ३०० ते ३५० शब्द होतात. अग्रिप्पा राजापुढचे पौलाचे भाषण (प्रेषितांची कृत्ये २६) चांगला नमुना आहे: आधीचे जीवन वचन ४ ते ११, भेट १२ ते १८, नंतरचे आज्ञापालन १९ ते २३. पहिले दोन भाग जवळजवळ सारख्या लांबीचे आहेत, तिसरा थोडा लहान.

आधी लिहून काढा. मग मोठ्याने वाचा आणि घड्याळ लावा. मंडळीबाहेरच्या एका माणसाला वाचून दाखवा आणि कुठला शब्द कळला नाही ते विचारा. ‘तारण’, ‘अभिषेक’, ‘ओझे मिळाले’, ‘दार उघडले’ हे शब्द तिथे अडतात. ते काढा आणि त्या जागी काय घडले ते सांगा. एक प्रसंग पुरे, पण त्यात जागा, वेळ आणि बोललेले वाक्य असू द्या. शेवटी कागद बाजूला ठेवून बोला.

बिघडते ते बहुतेक याच ठिकाणी: पूर्वीच्या पापाचे वर्णन चवीने लांबते आणि ख्रिस्त शेवटच्या दहा सेकंदांत येतो. घरच्यांची भांडणे त्यांची परवानगी न घेता सांगितली जातात. आजार बरा झाल्याचा दावा तपासणी न करता केला जातो, आणि उद्या तो खोटा ठरला तर ऐकणाऱ्याचा विश्वास डळमळतो. दुसऱ्या धर्माची किंवा पंथाची निंदा येते. पेत्र तर उत्तर सौम्यतेने आणि आदराने द्यायला सांगतो (१ पेत्र ३:१५-१६).

ज्यांना नाट्यमय अनुभव नाही त्यांनी योहानाचा नववा अध्याय वाचावा. जन्मांध माणसाला फारसे काही माहीत नसते. आधी तो ‘येशू नावाचा माणूस’ म्हणतो (९:११), मग संदेष्टा (९:१७), मग देवापासून आलेला (९:३३) आणि शेवटी प्रभू म्हणून नमन करतो (९:३८). मधे, प्रश्नांच्या भडिमारात, तो एवढेच म्हणतो की एक गोष्ट मला ठाऊक आहे, मी आंधळा होतो, आता मला दिसते. जेवढे दिसले तेवढेच सांगणे, हीच खरी साक्ष.

कृती पुरेशी आहे की बोलावेही लागते?

मत्तय ५:१६ कृतीबद्दल बोलते, रोमकरांस १०:१४ बोलण्याबद्दल: ऐकल्याशिवाय विश्वास कसा ठेवतील? नेहमी सुवार्ता सांगा, गरज पडली तरच शब्द वापरा, हे वाक्य असिसीच्या फ्रान्सिसच्या नावावर सर्रास सांगतात, पण त्याच्या लिखाणात ते सापडत नाही आणि तो स्वतः गावोगाव प्रवचने करणारा होता. जिथे उघड बोलणे जिवावर बेतेल तिथे गप्प राहणाऱ्याला कमी लेखू नये. अरिमथाईकर योसेफ बराच काळ गुप्त शिष्य होता (योहान १९:३८).

सैतान प्रकाशाच्या दूताचे रूप घेतो. मग खरा प्रकाश ओळखावा कसा?

पौल हे खोट्या प्रेषितांबद्दल लिहितो (२ करिंथ ११:१३-१५), भुताखेतांबद्दल नाही. तेव्हा तपास माणसांचा करायचा. शिकवण ख्रिस्ताला मध्यभागी ठेवते की पुढाऱ्याला? पैशाचा हिशेब मागता येतो का? प्रश्न विचारणाऱ्याला बंडखोर ठरवतात का? घरच्यांपासून तोडतात का? एखाद्या दर्शनाबद्दल कुणाला सांगू नको, अशी ताकीद मिळते का? शेवटच्या चारपैकी एकाचेही उत्तर धोक्याकडे बोट दाखवत असेल तर थांबावे आणि बाहेरच्या जाणत्या माणसाशी बोलावे.

वेगवेगळ्या मंडळ्यांत दिव्यांचा वापर इतका वेगळा का?

बाप्तिस्म्याला दुसऱ्या शतकाच्या मध्यात जस्टिन मार्टरने ‘प्रकाशित होणे’ म्हटले आहे, आणि ३२५ सालच्या निकेया मतांगीकारात (विश्वासाच्या जाहीर कथनात) पुत्राला ‘प्रकाशापासून प्रकाश’ म्हटले. शब्दांतली ही उपमा पुढे उपासनेत उतरली. रोमन कॅथलिक ईस्टर जागरणात बाहेर नवा अग्नी पेटवतात, त्यावर पास्काची (ईस्टरची) मेणबत्ती लावतात आणि अंधाऱ्या मंदिरात नेताना तीनदा ख्रिस्ताच्या प्रकाशाची घोषणा करतात. तिच्यावर क्रूस, ग्रीक वर्णमालेतले पहिले व शेवटचे अक्षर, त्या वर्षाचे आकडे आणि पाच जखमांचे प्रतीक म्हणून धूपाचे पाच कण असतात. पेंटेकॉस्टनंतर (पवित्र आत्मा उतरल्याच्या सणानंतर) ती बाप्तिस्मा-कुंडाजवळ ठेवतात. नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्याची मेणबत्ती तिच्यावरूनच पेटते.

आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळापूर्वीच्या काळाच्या, मेणबत्त्यांच्या चक्राचा उगम जर्मनीतल्या हॅम्बुर्ग इथे १८३९ साली योहान हिनरिख विखर्न यांनी गरीब मुलांच्या आश्रमात गाडीच्या चाकावर लावलेल्या मेणबत्त्यांत सांगतात. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स परंपरेत रूपांतराच्या डोंगरावरचा प्रकाश (मत्तय १७:२) हा चिंतनाचा मोठा विषय आहे. चौदाव्या शतकात ग्रेगरी पालामास यांनी तो निर्मित प्रकाश नसून देवाचेच तेज आहे, अशी बाजू मांडली. उलट अनेक सुधारणावादी मंडळ्यांनी मेणबत्त्या काढून टाकल्या, कारण लोक वस्तूवरच विसंबतील अशी त्यांना भीती होती. क्वेकर पंथाचे लोक तर आतल्या प्रकाशाबद्दल सतत बोलतात आणि त्यांची सभा बरेचदा नुसत्या शांततेत भरते. मेणबत्ती लावण्याने देव जवळ येत नाही आणि न लावल्याने दूर जात नाही, एवढे धरून दुसऱ्याच्या रीतीचा मान राखावा.

मेणबत्त्यांची उपासना सुरक्षितपणे कशी घ्यावी?

प्रत्येकासाठी १२ ते १५ सेंटीमीटरची मेणबत्ती आणि जाड पुठ्ठ्याची चकती घ्यावी. चकती खालून चार-पाच सेंटीमीटरवर बसवावी, म्हणजे वितळलेले मेण बोटांवर येत नाही. पंखे आधीच बंद करावेत. वाऱ्याने ज्योत कलली की मेण एका बाजूने वाहते आणि चकतीवरून ओघळते.

मुख्य मेणबत्तीवरून चार जण ज्योत घेतात आणि प्रत्येक रांगेच्या टोकाला देतात, तिथून ती आत सरकते. नियम एकच, आणि तो सुरू करण्यापूर्वी करून दाखवावा: पेटलेली मेणबत्ती सरळ धरायची, न पेटलेली तिच्याकडे कलती करायची. उलट केले की पेटलेल्या मेणबत्तीतले साठलेले गरम मेण शेजाऱ्याच्या हातावर सांडते. विजेचे दिवे मंद करावेत, पण बाहेर पडण्याच्या वाटेवरचे चालू ठेवावेत. एक गीत आणि एक छोटी प्रार्थना, म्हणजे सात-आठ मिनिटे, यापुढे लांबवू नये. हात थकले की ज्योत समोरच्याच्या केसांकडे झुकते.

आठ वर्षांखालच्या मुलांना बॅटरीवरचे दिवे द्यावेत. मोकळे केस बांधायला सांगावे. दर दोन-तीन रांगांमागे एक जण मेणबत्ती न घेता लक्ष ठेवायला उभा करावा. अग्निशामक आणि वाळूची बादली हाताशी असावी. पेटलेल्या, वितळलेल्या मेणावर पाणी ओतू नये, पाण्याची क्षणात वाफ होऊन भडका उडतो. वाळू टाकावी किंवा धातूचे झाकण ठेवावे. हात भाजला तर २० मिनिटे वाहत्या थंड पाण्याखाली धरावा, बर्फ किंवा टूथपेस्ट लावू नये. विझवताना ज्योतीमागे तळहाताचा आडोसा धरून हळू फुंकावे, म्हणजे मेण पुढे उडत नाही. दाराशी वाळूचे तबक ठेवून मेणबत्त्या तिथेच जमा कराव्यात. लादीवर सांडलेले मेण सुकू द्यावे आणि मग खरवडावे.

प्रकटीकरणात दिवठणी काढून टाकण्याची धमकी आहे. ती कुणाला?

इफिसच्या मंडळीला (२:५). आशिया या रोमन प्रांतातल्या सात मंडळ्या तिथे सोन्याच्या सात दिवठण्या आहेत आणि ख्रिस्त त्यांच्यामध्ये फिरतो आहे. इफिसच्या मंडळीची शिकवण बरोबर होती. खोटे प्रेषित तिने ओळखले होते, श्रम आणि धीर यांत ती कमी पडली नव्हती. तिने पहिली प्रीती सोडली होती, एवढीच तक्रार. उपायही तिथेच तीन पायऱ्यांत दिला आहे: कुठून पडलास ते आठव, पश्चात्ताप कर, पहिली कृत्ये कर. भावना परत येण्याची वाट पाहा असे सांगितलेले नाही.

अभ्यासगटात हा विषय कोणत्या क्रमाने घ्यावा?

चार बैठका, प्रत्येकी तासभर. पहिली उत्पत्ती १:१-१९ आणि यशया ६०:१-३ वर. दुसरी योहान ८:१२ आणि संपूर्ण नववा अध्याय. तिसरी मत्तय ५:१४-१६ आणि ६:१-४ शेजारी शेजारी ठेवून. चौथी १ योहान १:५ ते २:११. दर वेळी उतारा दोनदा, दोन वेगळ्या आवाजांत वाचावा. पहिली २० मिनिटे फक्त ‘इथे काय लिहिले आहे’ यावर बोलावे, लागू करण्याची घाई करू नये. तिसऱ्या बैठकीनंतर प्रत्येकाने आठवड्यात एक काम असे करावे की ते कुणाला कळणार नाही, आणि चौथ्या बैठकीत ते काय होते हे कुणीही विचारू नये.